सपाट पत्रा कापून राउटरची फ्रेम – बडोद्यात कोणी उभी केलीय का?

काटकोन्या | रविवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं इथे नुसताच वाचत आलो, आज स्वतःचं रडगाणं घेऊन आलोय. बडोद्यात समा भागात राहतो, खाली पार्किंगमध्ये अर्धी जागा गाडीची आणि अर्धी माझी असा आमच्या घरात तह आहे. त्या माझ्या अर्ध्यात एक छोटं सीएनसी राउटर होतं, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं मशीन, बेड ६०० बाय ९०० मिमी, चौकट सगळी १८ मिमीच्या एमडीएफची, कंट्रोलर म्हणून आर्डुइनो बोर्डावर ग्रबल हा प्रोग्राम, नेमा २३ मापाच्या मोटरी. गणपतीची मखरं, दारावरच्या पाट्या, शेजारच्या पोरांची लाकडी कोडी, असले उद्योग चालायचे. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदी घरात आली. मोटरी आणि कंट्रोलर आदल्या रात्री काढून माळ्यावर टाकले म्हणून वाचले, चौकट खालीच राहिली. पाणी उतरल्यावर बघतो तर १८ चा एमडीएफ कडांना २५-२६ झालेला, चहात बुडवलेल्या खारीसारखे पापुद्रे सुटलेले, आणि स्क्रू फिरवायला गेलो तर स्क्रू न फिरताच मूठभर लगद्यासकट हातात आला.

आता परत तेच करायचं नाही, लोखंड पाहिजे. पण मिलिंग मशीन नाही आणि वेल्डिंग येतं म्हणजे चिकटतं, दाखवण्यासारखं नसतं. मकरपुरा जीआयडीसीत लेझर कटिंगवाले आहेत, डीएक्सएफ, म्हणजे नुसत्या रेघांच्या चित्राची फाईल, द्या नि पत्रा कापून घ्या. म्हणून नेटवर शोधलं तर एक ओपन सोर्स फ्रेम मिळाली, सगळे भाग सपाट, एका भागाच्या जिभा दुसऱ्याच्या खाचांत जातात आणि बोल्टने आवळायचं, वेल्डिंग शून्य. दिसायला झकास. पण घोळ असा की फक्त डीएक्सएफ दिलेत आणि ते ६ मिमी पत्र्यासाठी. मला ५ चा सहज मिळतोय आणि ६ मध्ये वजन पण वाढतं. तर खाचा ६ च्या ५ करून चालेल का, की सगळंच बदलतं? दुसरं म्हणजे फक्त बोल्टवर उभी केलेली फ्रेम ताठ राहते का? कोणी केली असेल तर सांगा, फोटो असले तर अजून छान.

खवचट_काका | रविवार, रात्री ११:२०

एवढी खटपट करण्यापेक्षा तयार मशीन घ्या की, हप्त्यावर मिळतं. आणि फुकट मिळालेल्या डिझाइनला नावं ठेवायची म्हणजे धर्माची गाय आणि दात का नाय. ६ लिहिलंय ना, ६ चा घ्या. विषय संपला.

झिरो_नंबर_कानस | सोमवार, सकाळी ७:१५

विषय आत्ता सुरू झालाय काका. मी मकरपुऱ्यात वीस वर्षं पत्र्यातच काढली, त्यामुळे थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

५ चा पत्रा बरोब्बर ५ चा नसतोच मुळात. एचआर (गरम लाटलेली) शीट घेतली तर व्हर्नियर लावून बघा, एक ४.९ निघेल, दुसरी ५.१ निघेल, दोन्ही ५ म्हणूनच विकल्या जातात आणि तो काही कोणाचा लबाडपणा नाही, तेवढी सूट त्या मालात असतेच. तेव्हा काटकोन्याभाऊ, आधी पत्रा बघून या, चार ठिकाणी मोजा, मग चित्र काढा. लोक उलटं करतात.

सीआर (थंड लाटलेला) घेऊ का एचआर असं पुढे विचाराल म्हणून आधीच सांगतो, सीआर गुळगुळीत आणि सपाट असतो पण बाजारात साधारण ३ पर्यंतच मिळतो, ५ ला एचआरच. एचआरवर काळी पापडी असते, ती कटिंगला थोडा त्रास देते आणि रंगाला जास्त, पावडर कोटिंग करायचं तर आधी ती घालवावी लागते.

भोकं : पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान भोक लेझरकडून मागू नका, ५ मध्ये ३.३ चं मागितलंत तर गोल कमी आणि बटाटा जास्त येईल. जिथे आटे पाडायचेत तिथे नुसतं टिंब मारून घ्या आणि ड्रिल करा. लेझरने कापलेली कड थोडी कडक झालेली असते, त्यात सरळ टॅप (आटे पाडायचं हत्यार) घातला की टॅप तुटतो, आणि तुटलेला टॅप भोकातून काढण्यापेक्षा नवीन भाग कापून आणणं स्वस्त.

फाईल : रेघेवर रेघ नको, मशीन तीच रेघ दोनदा कापतं. आकार बंद पाहिजे, कुठे एक केस एवढी फट राहिली तरी सॉफ्टवेअर अडतं. एकक मिलिमीटर. एकाने इंचात काढून मिमी म्हणून पाठवलेलं, २५.४ पट लहान, फोन करून विचारलं की साहेब हे ब्रॅकेट आहे का कानातलं.

आणि नंबर! प्रत्येक भागावर लेझरनेच बारीक नंबर कोरून घ्या. चाळीस काळे तुकडे पोत्यात घरी आले की सगळे एकसारखे दिसतात.

नवखी_मी | सोमवार, दुपारी १:०५

मी इथे टेक्नॉलॉजी फॅकल्टीत आहे, दुसऱ्या वर्षाला. कदाचित येडा प्रश्न असेल, पण ॲल्युमिनियमच्या एक्सट्रूजनची, म्हणजे तयार दांड्यांची, फ्रेम का नाही करत? खाचा तयार असतात, लेगोसारखं जोडायचं फक्त. आमच्या क्लबमध्ये सगळे तेच करतात.

पोहे_जिरावण | सोमवार, दुपारी २:३०

येडा नाहीये प्रश्न. मी इंदूरला आहे, माझी पहिली एक्सट्रूजनचीच होती. त्यात होतं काय की काटकोन तुझ्या कापलेल्या टोकावर ठरतो, टोक अर्धा अंश तिरकं कापलं गेलं की वरचं सगळं तिरकं, मग तू ब्रॅकेट सैल करून गुण्या लावून परत आवळत बसतेस आणि मशीन दोन महिने थरथरलं की ते परत हलतं. सपाट भागात काटकोन, भोकांची अंतरं, सगळं कापणाऱ्या मशीनने आधीच ठरवून दिलेलं असतं. अख्ख्या फ्रेमचं माप तू घ्यायचंच नाहीस, ते लाखोंच्या मशीनने घेतलेलं असतं आणि तुला मिळतं काही शेकड्यांच्या कटिंगमध्ये. मला तरी ही गोष्ट अजून जादूच वाटते.

दुसरी मी १८ च्या प्लायची केली, फर्निचरवाल्याच्या राउटरवर कापून. तिथे वेगळाच धडा मिळाला. १८ चा प्लाय १७.४ निघाला, प्रत्येक खाचेत ०.६ ची हवा. फ्रेम उभी राहिली पण हात लावला की मान डोलवायची, हो हो म्हणत. शेवटी खाचांमध्ये जाड कागद घालून फेविकॉलने भरल्या, अजून चालतेय, पण ते कागद बघून बायको दर वेळी हसते.

अजून एक, राउटरचं पातं गोल असतं त्यामुळे खाचेच्या आतल्या कोपऱ्यात गोलाई राहते आणि चौकोनी जीभ बूड टेकत नाही, तिथे कोपऱ्यात थोडं बाहेर कापून कुत्र्याच्या हाडासारखा आकार द्यावा लागतो. लेझरला तो त्रास नाही, कोपरा जवळजवळ टोकदार येतो.

त्रिज्या | सोमवार, रात्री ९:४०

मी स्ट्रक्चर शिकवते, म्हणून नको तिथे नाक खुपसते.

५ की ६ ह्यापेक्षा फ्रेमचा आकार बंद आहे का उघडा हे महत्त्वाचं आहे. पत्र्याचा वाकण्याला विरोध जाडीच्या घनाने वाढतो हे खरं, ३ चा ५ केला तर साधारण ४.६ पट. पण तेवढ्याच वजनात पेटी करून जे मिळतं त्याच्यापुढे हे चिल्लर आहे. घरात मिठाईचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका असेल तर झाकण काढा, दोन टोकं धरून फडकं पिळल्यासारखं पिळा. मग झाकण चारी कडांनी चिकटपट्टी लावून बंद करा आणि परत पिळा. माझ्या पहिल्या तासाला मी पोरांकडून हेच करून घेते, फळ्यावर काही लिहायच्या आधी.

आकडे हवेत म्हणून : गँट्रीचा, म्हणजे बेडवरच्या सरकत्या कमानीचा, आडवा दांडा ३ मिमी पत्र्याचा, १२० बाय ८० ची पेटी असं धरलं तर पिळाला विरोधाचा आकडा सुमारे २७.६ लाख मिमी चतुर्थघात येतो. त्याच पेटीला लांबीभर एक चीर पाडली, बाकी काही न काढता, तर तो ३,६०० वर येतो. सातशेहून जास्त पट फरक, पत्रा तेवढाच, वजन तेवढंच, ९०० लांबीला साडेआठ किलोच्या आसपास. राउटरमध्ये स्पिंडल, म्हणजे पातं फिरवणारी मोटर, गँट्रीपासून पुढे आणि खाली लटकलेला असतो, त्यामुळे पातं लाकडात शिरलं की दांडा वाकण्याआधी पिळतो. काटकोन्या, तुमच्या त्या डीएक्सएफमध्ये आडवा दांडा कसा आहे? नुसती उभी पट्टी असेल तर ५ काय नि ६ काय.

हे हिशेब वेल्ड केलेल्या किंवा अखंड पेटीचे आहेत, बोल्टच्या पेटीत कडा थोड्या सरकतात म्हणून एवढं सगळं मिळत नाही. बोल्ट जवळजवळ घ्या, ६०-७० मिमीवर.

झिरो_नंबर_कानस | सोमवार, रात्री १०:१५

ताई, मिठाईचा खोका लई भारी. आता कारागिराच्या बाजूने. ताईंनी पेटी बंद केली, पण आत नट कोण धरणार? रेल, म्हणजे स्पिंडल सरकायचे रूळ, बसवायचे तर दांड्याला १५ च्या रेलला दर ६० मिमीवर एम४ (४ मिमीचा) बोल्ट लागणार, ३ च्या पत्र्यात एम४ चे आटे मोजून चार येतात. आतून ६ ची पट्टी ठेवा, आधीच टॅप मारून, आणि मग पेटी बंद करा. ही पट्टी विसरून पेटी आवळणारे मी तीन जण बघितलेत, त्यातला एक आरशात रोज दिसतो.

आणि काटकोन्याभाऊ, एम५ च्या बोल्टला भोक ५.५ चं ठेवा. तेवढी ढिलाई लागते. जागा दाखवायचं काम जिभांचं, बोल्टनी फक्त आवळायचं. बोल्टच्या भोकावर माप धरायला गेलात की अर्ध्या मिमीचा खेळ फ्रेममध्ये आलाच.

काटकोन्या | मंगळवार, रात्री ११:३०

बाप रे, केवढं शिकलो. ताई, तुम्ही बरोबर ओळखलंत, दांडा म्हणजे दोन उभ्या पट्ट्या आणि मध्ये चार आडव्या कप्प्यासारख्या, वर-खाली उघडं. म्हणजे मला वरून-खालून पत्रा बंद करायचाय, त्यासाठी नवीन जिभा, नवीन खाचा. पण डीएक्सएफमध्ये त्या नुसत्या रेघा आहेत हो. कुठली खाच कुठल्या जिभेची हे कागदावर नंबर टाकून शोधतोय, एकशे बारा खाचा आहेत, आत्तापर्यंत चाळीस झाल्या. मूळ कॅडची फाईल मागायला त्या माणसाला लिहिलं, उत्तर आलं की ती देत नाही, कापायला जे लागतं ते दिलंय.

मग हे ओपन सोर्स कसं?

खवचट_काका | बुधवार, सकाळी ८:००

गायीचे दात मोजायला सुरुवात झाली.

पाबळी | बुधवार, सकाळी १०:२०

काका, इथे दात मोजायचेच असतात. ओपन सोर्स हार्डवेअरची जी व्याख्या बहुतेक लोक मानतात, २०११ मध्ये पहिली आवृत्ती आलेली, तिच्यात हेच लिहिलंय की बदल करायला जे स्वरूप सोयीचं ती मूळ फाईल द्यायची. नुसती कापायची फाईल दिली तर ती फुकट आहे, उघडी नाही. सॉफ्टवेअरमध्ये नुसती चालणारी फाईल देऊन सोर्स दिला म्हणाल तर कोणी मानेल का? आणि लाकडापत्र्यात हे जास्त लागतं, कारण प्रोग्राम सगळीकडे तोच चालतो, पण पत्रा प्रत्येक गावचा वेगळा.

थोडं अवांतर, पण ह्याच विषयातलं. मी काही काळ पाबळच्या विज्ञान आश्रमात होतो, डॉ. कलबागांनी १९८३ ला सुरू केलेला. एमआयटीची फॅब लॅब, म्हणजे लोकांसाठी खुली डिजिटल कार्यशाळा, अमेरिकेबाहेर पहिल्यांदा गेली ती २००२ मध्ये तिथे, पुण्याजवळच्या खेड्यात. तिथे एक सवय लागली, कुठलंही डिझाइन बाहेरून आलं की पहिला प्रश्न, हे आपल्या बाजारातल्या मालात होतं का.

थ्रीडी प्रिंटरवाल्यांकडे ह्याची छान उदाहरणं आहेत. रेपरॅप हा ओपन सोर्स प्रिंटर २००५ ला इंग्लंडच्या बाथ विद्यापीठातून सुरू झाला, त्यानंतर बरीच वर्षं चौकट म्हणजे आटेवाले रॉड आणि नट, सरळ करता करता जीव जायचा. मग ख्रिस पामर नावाच्या माणसाने मेंडेल९० काढला, चौकट सपाट शीटची म्हणून काटकोन आपोआप, आणि मुख्य म्हणजे सगळं ओपनस्कॅड ह्या चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये, शीट एमडीएफची का ॲल्युमिनियम कंपोझिटची, जाडी किती, हे वर एका ठिकाणी लिहिलं की बाकीचं स्वतः जुळतं. हा माणूस खरा, कारण त्याला ठाऊक होतं की माझ्या गावची शीट तुझ्या गावात मिळणार नाही.

उलट मेकरबॉट कंपनी बघा. २००९ चा तिचा कपकेक प्रिंटर लेझरने कापलेल्या प्लायचा, नट खाचेत अडकवून बोल्ट आवळायचा, सगळं उघडं, जगभर लोकांनी त्यात बदल केले. २०१२ ला रेप्लिकेटर २ आला, प्लाय जाऊन पावडर कोटिंगचं लोखंड आलं आणि त्याच वेळी फायली बंद झाल्या. फ्रेम ताठ झाली पण लोक चिडले, आणि माझ्या मते बरोबरच चिडले.

नवखी_मी | बुधवार, दुपारी १२:४५

पाबळीदादा, मी हे सगळं पहिल्यांदा ऐकतेय. आमच्या कॉलेजच्या मुळाशी कलाभवन आहे, सयाजीरावांनी १८९० ला काढलेलं, तिथे कारागिरी शिकवायचे असं आम्हाला ओरिएंटेशनला सांगितलं होतं आणि आम्ही तेव्हा कँटीनचा रस्ता शोधत होतो.

काटकोन्याकाका, खाचा मोजायला मी येऊ का? मला फ्रीकॅड हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर येतं. सेवउसळ खिलवलीत तर दोन रविवार देईन.

काटकोन्या | बुधवार, रात्री ९:१०

ये बाळा, सेवउसळ पक्की, वर तर्री हवी तेवढी. ठरलं, ती डीएक्सएफ नुसती बघायला ठेवतो आणि फ्रीकॅडमध्ये पहिल्यापासून काढतो. स्प्रेडशीटमध्ये एक खण पत्र्याच्या जाडीचा, एक ढिलाईचा, बाकी सगळं त्यावरून.

काटकोन्या | तीन आठवड्यांनी, शनिवार

अपडेट. आणि कबुलीजबाब.

चित्र झालं, बावीस भाग, बाजूच्या दोन प्लेटा ४०० बाय ३०० च्या ५ मध्ये, एकेक पावणेपाच किलोची. गँट्रीचा दांडा ३ च्या सीआरमध्ये बंद पेटी. पत्रा आधी जाऊन मोजला, ५ चा ५.०६ निघाला. खाचेची रुंदी ५.२ ठरवली. इथपर्यंत शहाणपणा टिकला.

मग मी नेटवर वाचलं की लेझर स्वतःची जाडी खातो, साधारण ०.३, त्याचा हिशेब चित्रात करावा. मी केला. खाच ५.२ ऐवजी ४.९ काढली, जिभा ३० च्या ३०.३ केल्या. गुरुवारी माल आला, मोजायचा धीर नव्हता, पहिली प्लेट उचलली, जीभ खाचेवर ठेवली, दाबली, रबरी हातोडा घेतला, मग साधा हातोडा घेतला. काही नाही. व्हर्नियर लावलं तर खाच बरोब्बर ४.९. धावत मकरपुऱ्याला गेलो आणि तिथला पोरगा शांतपणे म्हणतो, ‘ऑफसेट तो अमे नाखीए ज छीए ने काका.’ म्हणजे हिशेब त्यांचं मशीन करतंच, मी दुसऱ्यांदा केला. चूक शंभर टक्के माझी, त्याने माझ्या चित्राप्रमाणे इतकं अचूक कापलं की रडायला सुद्धा जागा ठेवली नाही.

झिरो_नंबर_कानस | शनिवार, दुपारी

हे सांगायचं राहिलं माझ्याकडून, चुकलंच. आम्हाला ते इतकं रोजचं आहे की तोंडात येत नाही. चित्रात खरं माप द्यायचं, कर्फ, म्हणजे लेझर खातो ती जाडी, कापणाऱ्यावर सोडायचा, फक्त विचारून घ्यायचं की तुम्ही टाकता ना. घरचा छोटा लेझर असेल तरच स्वतः बघायचं. प्लाझ्माला तर ०.३ कुठलं, दीड मिमी खातो आणि कड तिरकी.

भंगारात देऊ नका. ५ च्या प्लेटीतल्या खाचा कानशीने होतात. चपटी कानस घ्या, खाचेत जाईल एवढी पातळ, मधली धार, आणि खाचेच्या एकाच बाजूने घासा, दोन्हीकडून घासलंत तर मध्य सरकतो. कुठली बाजू ते आधी सगळ्या प्लेटींवर खडूने लिहा.

काटकोन्या | पुढचा रविवार

एकशे चार खाचा. दोन रविवार आणि मधल्या पाच संध्याकाळी. नवखी एका प्लेटीवर आणि मी दुसऱ्या, खडूच्या खुणा तिच्या आयडियेने बाणाच्या केल्या. पहिल्या वीस खाचा झाल्यावर हाताला कळायला लागतं, कानस घसरते तो आवाज बदलतो, आधी कर्र असा कोरडा असतो, माप जवळ आलं की बारीक शिट्टीसारखा. तेव्हा थांबायचं आणि जीभ लावून बघायची. जीभ अंगठ्याच्या जोराने जाऊन बसली की जो टक आवाज येतो ना, त्यासाठी मी अजून शंभर घासेन. बायकोच्या मते घासूच नयेत, रात्री साडेदहाला तर नाहीच.

उभी केली. बोल्ट सगळे बोटाने, मग कर्ण मोजले. ६०० बाय ९०० ला कर्ण १०८१.७ यायला पाहिजे, एक १०८१ आला आणि दुसरा १०८३. ताई, २ चा फरक किती वाईट?

त्रिज्या | रविवार, संध्याकाळी

२ मिमी कर्णात म्हणजे ६०० च्या बाजूवर सुमारे १.२ मिमी तिरकं. मखराला चालेल, कोड्याला नाही. पण बोल्ट अजून आवळलेले नाहीत ना? लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना पट्टा किंवा लांब शिकंजा लावून जवळ ओढा, फरक अर्ध्या मिमीच्या आत आला की त्याच अवस्थेत आवळा, एका कोपऱ्यातला एक, मग समोरचा, स्कूटरच्या चाकाचे नट आवळतात तसं. आणि मशीन सपाट फरशीवर आहे का? चौथा पाय हवेत असेल तर तुम्ही फरशीचा पीळ फ्रेममध्ये कायमचा भरताय.

काटकोन्या | रविवार, रात्री

चौथा पाय हवेतच होता. पार्किंगला पाण्यासाठी उतार आहे हे मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. खाली पाचर घातली, पट्टा ओढला, आता १०८१.५ आणि १०८१.९. आवळलं.

एक त्रास राहिला. दांड्याची ३ ची लांब पट्टी केळ्यासारखी आलीय, मध्ये ०.४ चा बाक. पेटीत आवळल्यावर ०.२ राहिला. रेल त्यावर बसवला तर रेल पण तेवढा वाकतो.

झिरो_नंबर_कानस | रविवार, रात्री

लांब बारीक पट्टी कापली की पत्र्यातला आतला ताण सुटतो आणि ती वळते, ते कोणालाच चुकत नाही. पुढच्या वेळी त्या पट्ट्या आधी रुंद कापून घ्या. आत्ता काय, कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा ०.१ च्या आसपास असतो, कात्रीने कापून दोन थर मध्ये, टोकांकडे एक, आणि ताणलेल्या दोऱ्याने नाहीतर चांगल्या पट्टीने बघत बघत. कॅन धुऊन घ्या, नाहीतर मुंग्या रेल्वेने येतील.

नवखी_मी | सोमवार

कॅन मी प्यायलेय सगळे, हे माझं योगदान नोंदवलं जावं. काल पहिला कट घेतला, १२ च्या प्लायमध्ये मोदकाची आकृती. जुन्या व्हिडिओत पातं शिरलं की गँट्री मान टाकायची ते दिसतं, आता काहीच हलत नाही, नुसता प्लायचा आवाज.

फाईल आज टाकतोय, फ्रीकॅडची, स्प्रेडशीटसकट. खाली लिंक. वापरा, बदला, बदललंत तर परत टाका.

पोहे_जिरावण | बुधवार

उतरवली, मजा आली, एकच खण १७.४ केला आणि अख्खी फ्रेम प्लायची झाली डोळ्यांसमोर. अभिनंदन दोघांचं. पण एक सांगू का, नटच्या खाचा बघा. जाडी बदलली तरी बोल्ट आत शिरायची नाळ १६ मिमीवरच अडकलीय आणि नट कडेपासून १० वरच. तुमच्या ५ च्या पत्र्याला २० चा बोल्ट बरोबर बसतो. माझ्या १७.४ मध्ये ३० चा घातला तर नटात अर्धवट जातो आणि ३५ चा घातला तर नाळेचं बूड टेकतं. हे आकडे हाताने टाकलेत ना?

काटकोन्या | बुधवार, रात्री

अरे हो. त्या रात्री लाईट गेलेली आणि लॅपटॉपची बॅटरी ११ टक्क्यांवर होती, म्हटलं नंतर जोडू स्प्रेडशीटला. राहिलंच.

खवचट_काका | बुधवार, रात्री

३५ चा बोल्ट घ्या आणि डोक्याखाली दोन वॉशर घाला. १५.६ आत जाईल. आणि ती फाईल दुरुस्त झाली की मला पण लिंक द्या, नातवाला कोडी हवीयत.